पतसंस्थेत आधी बचत, मग कर्ज, आणि जामिनाची सही सर्वांत शेवटी

वाचकाचे पत्र : मी ३६ वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी आंतरजिल्हा बदलीने सांगली जिल्ह्यात, सासरच्या तालुक्यात आले. येथील शिक्षक पतसंस्थेचे सभासद होण्याचा सर्वांचा आग्रह आहे. दरमहा २,००० रुपये वर्गणी पगारातून कापली जाईल आणि तिच्यावर ७ टक्के व्याज मिळेल. आमच्या घराचा स्लॅब गळतो, त्यासाठी २ लाख रुपये लागणार आहेत आणि संस्था १० टक्क्यांनी कर्ज देते. आईच्या पश्चात मला आलेले ४ लाख रुपये बचत खात्यात पडून आहेत. ते मुलीच्या शिक्षणासाठी ठेवायचे, मोडायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. बँक मुदत ठेवीवर ७ टक्के देते, पण बाजारपेठेतील नागरी पतसंस्थेचा एजंट १० टक्के देतो आणि ‘आमचेही बँकेसारखेच आहे’ असे सांगतो. शिवाय आमच्याच केंद्रातील एक ज्येष्ठ गुरुजी त्यांच्या ७ लाखांच्या कर्जाला मी जामीन राहावे म्हणून दोनदा घरी येऊन गेले. मी सभासद झाल्यावर लगेच सही द्यावी, असे ते म्हणतात. यजमानांचे गॅरेज आहे, पण मिळकत नेमकी नाही आणि महिनाअखेरीस हाती काही उरत नाही. आधीच्या जिल्ह्यातही पाच वर्षे महिना १,००० रुपये वर्गणी कापली जात होती. ते प्रकरण बदलीच्या गडबडीत तसेच राहिले. काय करावे?

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘पतसंस्था’ हा शब्द वारंवार आला आहे, पण तो दोन निरनिराळ्या संस्थांबद्दल आहे आणि तुमची निम्मी अडचण तेथेच आहे. शिक्षकांची संस्था ही पगारदार नोकरांची पतसंस्था आहे, तर बाजारपेठेतील संस्था ही नागरी बिगरशेती पतसंस्था आहे. दोन्हींची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच कायद्याखाली झालेली असते, दोन्हींवर सहकार खात्याच्या निबंधकांची देखरेख असते आणि दोन्हींचा फलकही जवळपास सारखाच दिसतो. तरीही पैसा कोणाकडून येतो, कोणाला जातो आणि परत कसा येतो, हे पाहिले की दोन्हींचा स्वभाव वेगळा असल्याचे कळते. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, म्हणून मी कोणत्याही संस्थेकडे पाहताना प्रथम हेच तीन प्रश्न विचारतो.

शिक्षकांच्या संस्थेत तुम्ही दरमहा जे २,००० रुपये ठेवाल ते शेजारच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाला मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या बांधकामासाठी कर्ज म्हणून जातील, आणि त्याचा हप्ता त्याच्या हातात पगार पडण्यापूर्वीच कापला जाऊन संस्थेत परत येईल. सभासदाने तसा करार लिहून दिला की पगारातून संस्थेची रक्कम कापून देण्याचे बंधन अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे पगार देणाऱ्या कार्यालयावर येते. पगारदारांच्या संस्थांची वसुली चांगली असते ती बहुतांशी याच कपातीमुळे. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी आपली शिल्लक एकत्र करून आपल्यातीलच गरजूला द्यायची, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला, पण त्याच्याही आधी, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू केली होती. ‘अन्योन्य’ या एका शब्दात पतसंस्थेची सगळी व्याख्या आली आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शिक्षक पतसंस्थेचे सभासद अवश्य व्हा आणि वर्गणी सुरू करा. तुम्हीच लिहिता की महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, आणि जे उरत नाही ते आधीच बाजूला काढणे हा बचतीचा एकच मार्ग तुमच्या घरी चालेल असे मला वाटते. वर्षाला २४,००० रुपये नकळत साठतील. मात्र ही वर्गणी म्हणजे हवे तेव्हा काढता येणारे बचत खाते नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. ती साधारणपणे सेवानिवृत्ती, राजीनामा किंवा जिल्ह्याबाहेरील बदली अशा वेळीच, तीही संस्थेचे येणे वळते करून, परत मिळते. भागांच्या (शेअरच्या) रकमेचेही तसेच असते. भागांवर मिळतो तो लाभांश. तो नफा झाला आणि सर्वसाधारण सभेने मंजूर केला तरच मिळतो, आणि निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणतीही संस्था १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देऊ शकत नाही. वर्गणीवरील किंवा ठेवीवरील व्याज संस्थेने कर न कापता दिले तरी ते तुमच्या करपात्र उत्पन्नात धरावे लागते, एवढेही येथेच सांगून ठेवतो.

आता आईच्या ४ लाखांविषयी. या भागावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

‘आमचेही बँकेसारखेच आहे’ हे एजंटाचे वाक्य खरे नाही. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, पतसंस्थेला तो नसतो. बँक बुडाली, मग ती सहकारी बँक का असेना, तर ठेव विमा व पतहमी महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते; ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ हा शब्द वापरतात आणि सभासद नसलेल्यांकडून, नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, असे दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. शिक्षकांच्या संस्थेलाही हा ठेव विमा नाही, म्हणूनच तेथेही मी तुम्हाला वर्गणीच सुचवतो, आईची रक्कम नाही.

१० टक्के व्याज कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. ठेवीला १० टक्के देणाऱ्या संस्थेला आपला खर्च भागवून कर्ज १४-१५ टक्क्यांच्या आसपास द्यावे लागते. या दराने कर्ज कोण घेतो? बँकेने नाकारलेला, किंवा बँक मागते ते कागद ज्याच्याजवळ नाहीत असा माणूस. त्यात हातगाडीवाला, टेलर, छोटा दुकानदार असे कष्टाळू आणि प्रामाणिक लोक पुष्कळ असतात, आणि दुकानाच्या दारात येऊन रोज पन्नास-शंभर रुपयांची पिग्मी गोळा करणाऱ्या पतसंस्थांनी या लोकांचे जे भले केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. अनेक नागरी पतसंस्था वर्षानुवर्षे चोख चालल्या आहेत. पण त्याच दराने कर्ज घेणाऱ्यांत संचालकाचा मेहुणा असतो, जागेच्या व्यवहारात पैसा अडकलेला ठेकेदारही असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्या ठेवीदाराला यातला फरक कळत नाही.

एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या संस्थेचे दप्तर तपासत असताना अवसायकांच्या, म्हणजे संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या, टेबलासमोर एक भाजीविक्रेत्या बाई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून ठेवपावती काढली. ती खराब होऊ नये म्हणून त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवून घेतले होते. पावती अगदी नव्यासारखी होती, सही-शिक्का स्पष्ट होता, मुदत संपून चार वर्षे झाली होती. अशा ठेवीदारांसाठी कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या हितसंबंध रक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, मालमत्ता जप्त होतात, त्यांचा लिलावही होतो. पण त्याला वर्षे लागतात आणि मुलीच्या प्रवेशाची तारीख तोपर्यंत थांबत नाही.

तुमच्या बाबतीत हिशेब असा होतो. ४ लाखांवर ७ ऐवजी १० टक्के मिळाले तर वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,००० रुपये जास्त मिळतील. महिन्याच्या या १,००० रुपयांसाठी आईने मागे ठेवलेली संपूर्ण रक्कम विम्याबाहेर न्यावी असे मला अजिबात वाटत नाही. ती बँकेत मुदत ठेवीत ठेवा. दोन पावत्या करा, प्रत्येकी २ लाखांची. त्याचे कारण पुढे येईल. बचत खात्यावर ती आणखी पडू देऊ नका, तेवढा तोटा दर महिन्याला होतोच आहे.

पुढेमागे कोणत्याही नागरी पतसंस्थेत थोडी रक्कम ठेवण्याची इच्छा झालीच, तर एजंटाशी बोलण्याऐवजी कार्यालयात जाऊन मागील दोन-तीन वर्षांचे छापील वार्षिक अहवाल मागा. लेखापरीक्षणाचा वर्ग पाहा, पण केवळ ‘अ’ वर्गावर विसंबू नका. एकूण कर्जाशी थकबाकीचे प्रमाण दरवर्षी वाढते आहे का, राखीव निधी भरतो आहे का आणि जमा ठेवींपैकी किती रक्कम बँकांत गुंतवलेली आहे, हे ताळेबंदात दिसते. तुम्हाला नियमित सभासद करून घेतात की नाममात्र, हे अवश्य विचारा, कारण नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नसतो. ताळेबंद, उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) आणि संचालकांची यादी पाहण्याचा हक्क अधिनियमाच्या कलम ३२ ने सभासदाला दिलेला आहे, तेव्हा अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेथूनच परत फिरा.

स्लॅबसाठी कर्जाचा प्रश्न मी दोनदा मांडून पाहिला. शिक्षक पतसंस्थेचा १० टक्के दर वाईट नाही, फक्त ते व्याज शिल्लक रकमेवर आहे ना, याची लेखी खात्री करून घ्या. अनेक पगारदार संस्थांत मुद्दलाचा हप्ता ठरावीक असतो आणि व्याज घटत जाते. २ लाखांचे ४० हप्ते धरले तर दरमहा ५,००० रुपये मुद्दल आणि पहिल्या महिन्यात १,६६७ रुपये व्याज, शेवटच्या महिन्यात केवळ ४२ रुपये. एकूण व्याज सुमारे ३४,१६७ रुपये होते. हेच कर्ज कोणी ‘सरसकट १० टक्के, तीन वर्षे’ असे म्हणून दिले तर व्याज ६०,००० रुपये होईल आणि तो दर प्रत्यक्षात शिल्लक रकमेवरच्या जवळजवळ १८ टक्क्यांइतका पडेल. दुसरी गोष्ट, कर्ज मंजूर करताना संस्था त्यातून भागांची रक्कम कापते का, हे विचारा. उपविधीत १० टक्के कपात असेल तर तुमच्या हातात १,८०,००० रुपये येतील आणि व्याज मात्र पूर्ण २ लाखांवर भरावे लागेल. कापलेले २०,००० रुपये तुमचेच असतात व त्यांवर लाभांशही मिळतो, पण गवंडी आणि सळईवाला लाभांशाची वाट पाहत नाहीत, तेव्हा अंदाजपत्रक हाती येणाऱ्या रकमेवर करावे लागते.

तरीही या वेळी तुम्ही तेथून कर्ज घेऊ नये असे माझे मत आहे, कारण तुमच्याजवळ याहून स्वस्त आणि मोकळा मार्ग आहे. मी दोन पावत्या करायला सांगितल्या त्या यासाठी. मुदत ठेवीच्या तारणावर बँक सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने कर्ज देते. ठेवीच्या पूर्ण रकमेइतके कर्ज बहुधा मिळत नाही, थोडी रक्कम बँक मागे ठेवते, म्हणून गरज पडल्यास दुसरी पावतीही तारण द्यावी लागेल. ८ टक्के दर धरला तर त्याच ४० हप्त्यांत २ लाखांवर सुमारे २७,३३३ रुपये व्याज होते, म्हणजे जवळजवळ ६,८०० रुपये वाचतात. भागकपात नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जामीनदार लागत नाही. आईची ठेव मोडत नाही, तिच्यावरील व्याज चालू राहते.

या मार्गात एक खड्डा आहे आणि तो मी लपवणार नाही. ठेव-तारण कर्जाचा हप्ता कोणी पगारातून कापत नाही. लोक व्याज साचू देतात आणि मुदत संपली की बँक ठेवीतूनच कर्ज वळते करून घेते. तसे झाले तर तुमचा ‘मोडायचे नाही’ हा निश्चय कागदावरच राहील. म्हणून ज्या खात्यात पगार जमा होतो त्याच बँकेत ठेव ठेवा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ५,००० रुपये व त्या महिन्याचे व्याज कर्जखात्यात वळते करण्याची कायमची लेखी सूचना देऊन ठेवा. पतसंस्थेची कपात जे काम करते तेच ही सूचना करील.

शिक्षक पतसंस्थेचे कर्ज नको असे मी कायमचे म्हणत नाही. ज्याच्याजवळ तारण ठेवायला काही नाही आणि ज्याच्यापुढे सावकार, मोबाइलवरून मिळणारे झटपट कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी हेच पर्याय आहेत, त्याने निःशंकपणे आपल्या संस्थेत अर्ज करावा. संस्था त्यासाठीच आहे. तुम्ही दोन वर्षे वर्गणी भरा, ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसा, अहवाल वाचा, कोण प्रश्न विचारतो आणि संचालक कशी उत्तरे देतात ते पाहा. आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी विशेष आहे. तुम्ही एकदा आंतरजिल्हा बदली घेतली आहे, उद्या दुसरीही होऊ शकते. जिल्हा सोडताना जिल्ह्याच्या संस्थेचे कर्ज फेडल्याशिवाय ना-देय दाखला मिळत नाही, आणि कार्यमुक्त होण्याच्या आठवड्यात लाखभर रुपये उभे करताना चांगल्या-चांगल्यांची दमछाक झालेली मी पाहिली आहे.

गुरुजींच्या जामिनाबद्दल तुम्ही ‘नाही म्हणता येत नाही’ असे लिहिले नाही, पण ते दोनदा घरी आले, हे लिहिले. त्यातून मला ते कळले.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे तुम्हाला म्हणता येत नाही. थकबाकी झाली की संस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला कर्जदार आणि जामीनदार या सर्वांविरुद्ध मिळवू शकते, आणि नोकरदार जामीनदाराचा पगार हाताशी असल्यामुळे बहुतेक वेळा प्रथम तोच कापला जातो. दोन जामीनदार असले तरी निम्मी-निम्मी जबाबदारी, असा हिशेब संस्था मान्य करीत नाही.

मी स्वतः तिशीत असताना एका सहकाऱ्याला जामीन राहिलो होतो. माणूस सज्जन होता, आजही माझे मत तेच आहे. त्याच्या पत्नीचा आजार लांबला, तो बिनपगारी रजेवर गेला आणि एका महिन्यात माझ्या पगारपत्रकात ‘इतर कपाती’ या रकान्यात ६४० रुपयांचा आकडा आला. त्या वेळी ती रक्कम लहान नव्हती. अठरा महिने तो आकडा तेथे होता. दर महिन्याला तो आकडा पाहताना मला त्याच्यावर रागही धरता येत नव्हता, आणि घरी मुलाच्या सायकलीचे पुढच्या महिन्यावर ढकलताना कारण सांगायचीही लाज वाटत होती. म्हणून गुरुजी चांगले आहेत की नाहीत, हा प्रश्नच बाजूला ठेवा. प्रश्न असे आहेत : त्यांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत आणि हप्ते त्याआधी संपतात का? सर्व कपाती जाऊन त्यांच्या हाती किती पगार पडतो? याच संस्थेत आणि इतरत्र त्यांची आणखी कोणती कर्जे आहेत? ते स्वतः किती जणांना जामीन आहेत? ७ लाख जर तुम्हालाच भरावे लागले तर तुमच्या घरात काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. अनियमित मिळकतीच्या घरात तुमचा पगार हाच एक खांब आहे, तेव्हा ही सही देऊ नका. नकार कसा द्यावा, तर खरे आहे तेच आदराने आणि दोन वाक्यांत सांगा : ‘गुरुजी, मी संस्थेत नवी आहे आणि घरच्या कामासाठी माझ्या डोक्यावर कर्ज आहे. यजमानांच्या आणि माझ्या विचाराने आम्ही सध्या कोणालाच जामीन न राहण्याचे ठरवले आहे.’ ‘कोणालाच’ हा शब्द सोडू नका, त्यामुळे गुरुजींचा अपमान होत नाही आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या दुसऱ्या अर्जदाराचेही उत्तर देऊन होते. नव्या सभासदाने ठरावीक काळापर्यंत जामीन राहू नये असा नियम काही संस्थांच्या उपविधीत असतो, तुमच्या संस्थेत तो आहे का, हेही पाहा. तुम्ही या वेळी संस्थेचे कर्ज घेऊ नये असे मी म्हणालो त्यामागे हेही कारण होते. आपल्या अर्जावर दुसऱ्याची सही घेतली की त्याच्या अर्जावर आपली सही देण्याची वेळ येतेच. पुढे कधी कर्ज घ्याल तेव्हा आपल्यासारख्याच रकमेचे कर्ज असलेल्या सभासदाशी अशी देवाणघेवाण करा.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलेली गोष्ट. आधीच्या जिल्ह्यात पाच वर्षे महिना १,००० रुपये कापले गेले, म्हणजे ६०,००० रुपये मुद्दल, त्यावरील व्याज आणि भागांची रक्कम त्या संस्थेत तुमच्या नावावर असली पाहिजे. तेथील सचिवांना सभासदत्वाचा राजीनामा व रक्कम परत मिळण्याचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत बदली आदेशाची आणि कार्यमुक्तीच्या पत्राची प्रत, भागपत्रे किंवा पासबुक, आणि सध्याच्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडा. तेथे तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर रक्कम अडू शकते, म्हणून आधी फोनवर तेवढे विचारून घ्या. पोचपावती जपून ठेवा आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर त्या तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्जाची प्रत द्या. ही रक्कम पावसाळ्यापूर्वी हाती आली तर स्लॅबसाठी २ लाखांऐवजी १ लाख ४० हजार रुपयांचेच कर्ज काढावे लागेल, आणि ५,००० रुपयांच्या मुद्दल हप्त्याने ते ४० ऐवजी २८ महिन्यांत फिटेल.